हावोदचं चौथं कडवं

इथेल गेला आणि डोलवेनच्या शेतावरचं घर मुकं झालं.

तसा जिवंतपणीही तो फार बोलणारा नव्हताच. मेंढ्यांशी दोन शब्द, कुत्र्याशी चार, आणि उरले तर बायकोशी. पण न बोलणारा माणूसही घरात आवाज करत असतो. पायरीवर बुटांचा चिखल खरवडतो, चहा फुंकतो, बोलायच्या आधी खाकरतो. मेन्नाला त्या खाकरण्याची इतकी सवय, की नुसतं ऐकून तिला कळायचं, ह्याला मीठ हवंय की भांडण. आता त्यातलं काहीच नव्हतं. जाडजूड दगडी भिंती, जिन्याखाली त्याचे रबरी बूट, आणि एक घड्याळ.

मुलगा गेथिन आणि सून सिरिओल अंगणापलीकडच्या नव्या घरात राहायचे. "आई, आमच्याकडे ये राहायला," गेथिन म्हणायचा.

"अंगण ओलांडून? एवढ्याशा अंतरासाठी माझी कोंबडीसुद्धा खुराडं बदलत नाही."

मेन्ना वरच्या खोऱ्यातली, रस्तेदुरुस्ती करणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन डोलवेनला आली ती दोन पेट्या आणि माहेरची गाणी घेऊन. सकाळी चूल पेटवताना ती प्रार्थना म्हणायची, आणि चूल पेटली नाही तर आणखी एक. चर्चमधले पितळी दिवे घासायची, वेदीवर फुलं ठेवायची आणि गाताना मधला आवाज धरायची. मधला आवाज कुणाच्या लक्षात येत नाही. तो नसला म्हणजे येतो.

इथेलला मात्र सूर नव्हता. आमच्या खोऱ्यात हे सांगायला माणूस लाजतो. नवरा पितो, हे बायको एक वेळ सांगेल. नवऱ्याला गाता येत नाही, हे नाही सांगणार. डोलवेनचं स्वतःचं एक गाणं होतं म्हणे, पण ते इथेलच्या आजोबांबरोबर मातीत गेलं. वडील कधी गायलेच नाहीत. त्यामुळे डोलवेनची मंडळी चर्चमध्ये उठायची ती मेन्नाची माहेरची गाणी म्हणायला. कुणी काही बोलायचं नाही, पण इथेल दर वेळी बुटांकडे बघत बसायचा.

प्लगाइनला घरचं गाणं नसणं म्हणजे लग्नात उसना कोट घालून जाण्यासारखं आहे. नाताळच्या दिवसांतली ही आमची गाण्याची संध्याकाळ. बाजा नाही, कार्यक्रमपत्रिका नाही, कुणी नाव पुकारत नाही. पाद्रीणबाई प्रार्थना म्हणतात, "प्लगाइन आता मोकळं आहे" असं सांगतात आणि बाजूला जाऊन बसतात. मग एकेका घरची मंडळी आपल्या बाकावरून उठते, पुढे जाऊन वर्तुळ करून उभी राहते, म्होरक्या दोन दातांचा पोलादी नादकाटा गुडघ्यावर आपटून कानाशी नेतो, सूर देतो. गातात, परत येऊन बसतात. टाळ्या नाहीत. सगळ्यांचं एक एक गाणं झालं की त्याच क्रमानं दुसरी फेरी. एकदा म्हटलं गेलेलं गाणं त्या संध्याकाळी पुन्हा म्हणायचं नाही, हा नियम सगळे सांगतात. एका घराचं गाणं दुसऱ्या घरानं उचलायचं नाही, हा नियम कुणी सांगत नाही, कारण तो सांगायची वेळ कधी आलेली नव्हती.

गाता येत नाही म्हणून इथेलनं गाणी टेप करायचं मशीन घेतलं. तरुणपणापासून तो खांबामागच्या बाकावर बसायचा, कोटाखाली टेप लपवून. लोक आधी कुरकुरले. मग त्यानं घरोघरी जाऊन शब्द दिला: ऐकायला नेतो, गायला नाही. माझ्या घराबाहेर जाणार नाही. इथेल कमी बोलतो म्हणूनच त्याच्या शब्दाला वजन होतं. दर हिवाळ्यात तो टेपा भरायचा आणि बुटांच्या रिकाम्या खोक्यांत रचून ठेवायचा.

तो गेल्यावर ईस्टरला मुलगी माब्ली कार्डिफहून आली आणि ती खोकी काढून बसली. डिंक वाळून टेपांवरच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. खोक्यांच्या तळाशी नुसती पानगळ. कुठली चिठ्ठी कुठल्या टेपेची, देव जाणे.

"ह्यांचं काय करायचं, आई?"

"जाळायचं नाही, एवढं मला माहीत आहे."

माब्ली त्या घेऊन गेली आणि उन्हाळ्यात परतली ती पावाच्या साच्याएवढी एक काळी पेटी घेऊन. बाबांच्या सगळ्या टेपा ह्यात आहेत, म्हणाली. पेटी जिन्याखाली ठेवली, बुटांच्या शेजारी. स्वयंपाकघरात एक छोटा स्पीकर, बैठकीत एक, वर निजायच्या खोलीत एक, मागे धुण्याच्या खोलीत एक. पण दगडी भिंतींतून पेटीच्या बिनतारी लहरी जाईनात. माब्ली जिन्यावर वायर अंथरत घामाघूम झाली.

"ह्या घराच्या भिंतींतून देवाला तरी हाक ऐकू जाते का गं, आई?"

"त्याला वायर लागत नाही. तू तुझं बघ."

शेवटी एकदाचं जमलं. आधी स्वयंपाकघरातले गवई पुढे धावायचे आणि बैठकीतले मागून यायचे, चर्चला उशिरा आलेल्या मंडळींसारखे. माब्लीनं तेही सरळ केलं. मेन्नाला एक काचेची पाटी दिली, तीवर घराचं चित्र. "हे दाबलंस की सगळं घर. नुसती खोली हवी तर हे. कुठलं गाणं लागेल ते पेटी ठरवते, नावंच नाहीत ना. सगळं 'बाबा' ह्या नावाखाली टाकलंय."

मेन्नानं घर दाबलं. जिन्याखालून उठल्यासारखे आवाज चारी खोल्यांत उभे राहिले. मेलेले, म्हातारे झालेले, ऑस्ट्रेलियाला गेलेले. ती पीठ मळताना ते गायचे. चादरी घेऊन वर गेली की तिच्या आधी वर पोचलेले असायचे. महिन्याभरात तिच्या ओठांवर नेहमीचं गुणगुणणं परत आलं. सिरिओल म्हणाली, "आई, तुमच्या घरात आता आमच्या लग्नात होती तेवढी गर्दी असते."

"हो, आणि जेवायला कुणी मागत नाही."

त्या गर्दीत एक गाणं वेगळं होतं. इतर टेपांवर बटणाची खट् झाली की सरळ गाणं. ह्या एका टेपेवर खट् झाल्यावर इथेल खाकरायचा. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणायचा, "हं, चला तर." मग एका म्हाताऱ्याचा खर्ज, एका तरुणाचा वरचा आवाज, आणि मध्ये तिसरा कुणी.

पहिल्यांदा ते लागलं तेव्हा मेन्ना धुण्याच्या खोलीत होती. हातातला टॉवेल तसाच पिळत उभी राहिली. टॉवेल कोरडा झाला तरी पिळत होती.

मग ती ते शोधून शोधून लावायला लागली. माब्लीनं फोनवर शिकवलं, ते सगळ्यांत वर कसं ठेवायचं. सकाळी एकदा, भाजी सोलताना एकदा, झोपायच्या आधी एकदा. गेथिन जेवायला आला की तेच. सिरिओल अंडी न्यायला आली की तेच. हे गाणं तिनं चर्चमध्ये कधी ऐकलेलं नव्हतं, आणि चर्चमधलं प्लगाइन तिनं चुकवलं होतं ते एकच, गेथिन तान्हा होता त्या हिवाळ्यात. ते तिला तेव्हा आठवलं नाही. गेथिन मात्र एक दिवस चमचा खाली ठेवून म्हणाला, "आई, हा खर्ज आजोबांचा आहे."

"तुझे आजोबा गात नसत."

"चर्चमध्ये गात नसत. गोठ्यात गात असतील. बाबांनी गुपचूप टेप केलं असेल. बघ ना, इथंच तेवढे बाबा बोलतात. दुसऱ्या कुठल्या गाण्याआधी बोलले?"

मेन्नाच्या मनात ते रुजलं. डोलवेनचं हरवलेलं गाणं! इथेल आयुष्यभर बुटांकडे बघत बसला आणि गाणं मात्र खोक्यात जपून ठेवलं, तोंडानं सांगायला लाजला. हे अगदी त्याच्यासारखं होतं. माणसाला जे हवं असतं त्याला पुरावे फार लागत नाहीत.

नाताळ जवळ आला तेव्हा तिघांना ते गाणं शिकावंच लागलं नाही. शब्द, चाल, श्वास कुठे घ्यायचा, सगळं भिंतींनीच शिकवून ठेवलं होतं. गेथिननं खर्ज धरला, सिरिओलनं वरचा, मेन्नानं मधला. "आई, यंदा आपण आपलं गाणं म्हणायचं," गेथिन म्हणाला, आणि 'आपलं' म्हणताना त्याचे कान लाल झाले.

त्या संध्याकाळी रस्त्यावर बर्फाची पातळ साय होती आणि चर्च भरलेलं. पहिल्या फेरीत डोलवेननं माहेरचं गाणं म्हटलं, नेहमीसारखं. दुसऱ्या फेरीत उठले. गेथिननं नादकाटा कानाशी नेला. मेन्नाच्या मनात आपोआप खाकरणं वाजलं, हं, चला तर, आणि ते गायले.

चांगलं गायले. चौथ्या कडव्यापर्यंत येता येता मेन्नाला वाटलं, खांबामागच्या बाकावर आता कुणी बुटांकडे बघत नाहीये. मग तिघं परत येऊन बसली.

डोलवेननंतर हावोदची पाळी. हावोद म्हणजे ओढ्यापलीकडचं शेत. म्हातारा ट्रेव्होर आणि त्याच्या दोन नाती. ट्रेव्होर कित्येक वर्षांनी यंदा गायला उठला होता. छातीत सतत खडखड. पुढच्या हिवाळ्याचं डॉक्टर काही बोलत नव्हते. दोघी नातींना घेऊन त्यानं सबंध शरद ऋतू घरी तालीम केली होती, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तिघं पुढे गेली. ट्रेव्होरनं नादकाटा गुडघ्यावर आपटला, कानाशी नेला. नातींकडे बघितलं. मग नादकाटा मुठीत धरून मुका केला, खिशात ठेवला, आणि तिघं न गाता परत येऊन बसली.

आमच्या चर्चमध्ये उठून न गाता कुणी बसलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पाद्रीणबाईंनासुद्धा क्षणभर काय करावं कळेना. मग पुढच्या घरची मंडळी उठली.

प्रार्थना संपल्यावर शाळेच्या खोलीत नेहमीप्रमाणे चहा, हॅमचे सँडविच, मनुकांचा पाव. ट्रेव्होरची बायको एलिनेद भली मोठी किटली घेऊन फिरत होती. मेन्नाच्या शेजारणीचा कप भरला, पलीकडचीचा भरला. मेन्नाचा कप तसाच.

"एलिनेद, माझा राहिला गं."

"तुला कशाला ओतायला हवा? तुला हवं ते तू घेतेसच की हातानं."

आजूबाजूच्या बशा वाजायच्या थांबल्या.

"मी काय घेतलं?"

"नवऱ्याला विचारायला हवं होतंस. माझ्याच टेबलाशी बसून, माझ्याच मनुकांच्या पावाचा घास तोंडात घेऊन शब्द दिला होता त्यानं माझ्या सासऱ्यांना. इद्वालबाबा नको नको म्हणत होते. म्हणे, ऐकायला नेतो, गायला नाही! एकदाच म्हटलं होतं ते गाणं त्यांनी ह्या चर्चमध्ये. पुढच्या वसंतात गेले. तेव्हापासून ह्यांनी तोंडातून काढलं नाही. यंदा काढणार होते."

"ते डोलवेनचं गाणं आहे," मेन्ना म्हणाली. म्हणताना तिच्याच आवाजाला आधार नव्हता.

"डोलवेनचं? डोलवेनला गाणं असतं तर तुझ्या नवऱ्यानं मशीन कशाला घेतलं असतं?"

ते वर्मी लागलं. त्याच क्षणी मेन्नाला तो हिवाळा आठवला: मांडीवर तान्हा गेथिन, आणि चर्चहून येऊन बूट काढत इथेल म्हणाला होता, "तू आज यायला हवं होतंस." इतकंच. कशाला, ते तिनं विचारलं नव्हतं. बाळ रडत होतं.

कोपऱ्यात ट्रेव्होर बसला होता, पुढ्यातल्या बशीला हात न लावता. तो मेन्नाकडे बघत होता, पण रागानं नव्हे. काहीतरी विचारायचं असल्यासारखा. "चौथं कडवं—" असं काहीतरी म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. एलिनेदनं किटली ठेवली, त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला आणि त्याला घेऊन गेली.

घरी आल्यावर मेन्नानं जिन्याखालच्या पेटीचं भिंतीवरचं बटणच बंद केलं.

"आई, आपल्याला काय माहीत होतं?" गेथिन म्हणाला.

"माहीत नव्हतं, हे वस्तू घेऊन झाल्यावर म्हणायचं असतं."

घर पुन्हा मुकं झालं, आणि ह्या वेळी ते तिनं स्वतः केलेलं होतं. पाद्रीणबाई येऊन गेल्या. समजावत म्हणाल्या, "मेन्ना, गाणं देवाचं. त्याला कसला आलाय मालक?"

"देवाचं तर आहेच, बाई. पण त्यानं ते हावोदला सांभाळायला दिलं होतं. आणि माझ्या नवऱ्यानं शब्द दिला होता, तो मी मोडला. मेलेल्या माणसाला दुसरा शब्द देता येत नाही."

तिनं माब्लीला फोन लावला. "त्यातलं एक पुसून टाकता येतं का?"

"कुठलं? ते? आई, बाबांचा आवाज तेवढा त्यातच आहे."

"कशात काय आहे ते मला माहीत आहे."

माब्ली म्हणाली, "मी बाबा तेवढे कापून वेगळे ठेवते. गाणं पुसू."

मोह मोठा होता. "नको," मेन्ना शेवटी म्हणाली. "तो खाकरला तो त्यांच्या गाण्यासाठी. त्याला तिथून उपटून माझ्या खोलीत काय बसवू? ट्रेव्होर म्हणेल तसं. पुसायचं तर अख्खं."

दुसऱ्या दिवशी ती ओढा ओलांडून हावोदला गेली, रिकाम्या हातानं. केक नेला असता तर माफी विकत घ्यायला आल्यासारखं दिसलं असतं. ट्रेव्होर चुलीपाशी बसला होता, मांडीवर मांजर. एलिनेद मोरीशी पाठ करून उभी, वळली नाही.

"ट्रेव्होर," मेन्ना उभ्यानंच म्हणाली, "मला वाटलं ते आमचं आहे. वाटावं अशी फार इच्छा होती, म्हणून वाटलं. तुमचं गाणं माझ्या घरात आहे. तुम्ही सांगाल तर पुसते. पण पुसायच्या आधी एकदा येऊन ऐका. तुमच्या वडिलांचा आवाज आहे त्यात."

मांजर खाली उतरलं. मोरीतल्या पाण्याचा आवाज थांबला.

"त्यांची टोपी आहे आमच्याकडे," ट्रेव्होर म्हणाला. "फोटो आहे. आवाज नाही."

तो दुपारी आला, रविवारचा कोट घालून. एलिनेद म्हणाली, मी गाडीतच बसते. आणि मेन्नानं दार लावायच्या आत ती आत होती. मेन्नानं बैठकीची खोली झाडून ठेवली होती, पण ट्रेव्होर स्वयंपाकघरातच बसला, टेबलाच्या टोकाला. तिनं पेटी चालू केली, पाटीवर नुसतं स्वयंपाकघर दाबलं.

खट्. खाकरणं. "हं, चला तर."

मग तो खर्ज आला आणि ट्रेव्होरनं डोक्यावरची टोपी काढली. दोन कडव्यांपर्यंत तो हलला नाही. मग म्हणाला, "माब्ली उन्हाळ्यात म्हणत होती, सगळ्या घरात वाजतं?"

"वर, खाली, धुण्याच्या खोलीत."

"पहिल्यापासून लाव. सगळीकडे."

मेन्नानं घर दाबलं. म्हातारा उठला. आधी बैठकीत गेला, मग मागे धुण्याच्या खोलीत, मग कठडा धरून जिना चढायला लागला, दर दोन पायऱ्यांवर थांबत. एलिनेद खालून "अहो, छाती!" म्हणाली. तो जाईल तिथं त्याचा बाप आधीच जाऊन गात होता. दोघी बायका खाली उभ्या, डोक्यावरच्या फळ्यांवर त्याची पावलं ऐकत. चौथ्या कडव्यात पावलं थांबली. गाणं संपलं. मग वरून एक चिरका आवाज आला. मेन्नाला वाटलं उबळ आली. तो हसत होता.

खाली येऊन तो धापा टाकत बसला. "ऐकलंत? चौथ्या कडव्यात बाबा चुकले. वर चढायचं तिथं परत पहिल्याच ओळीची चाल धरली. मी शेजारी उभा, मी तरी काय करणार? गेलो त्यांच्या मागोमाग. मधला आवाज माझ्या चुलत्याचा, तोही आला फरफटत. घरी पोचेपर्यंत बाबा एक शब्द बोलले नाहीत. दारात म्हणाले, 'ट्रेव्होर, ते कुणाला कळलं नसेल.'"

"मला कळलं होतं," एलिनेद म्हणाली.

"तुला सगळंच कळतं." तो मेन्नाकडे वळला. "त्या संध्याकाळी तुम्ही पहिली ओळ घेतलीत आणि माझ्या डोक्यात आग. तीन कडवी मी नुसता दात खात होतो. आणि मग तुम्ही तिघं, गेथिन, ती पोरगी आणि तू, बरोबर तिथंच चुकलात. तशीच चूक! मी इकडे नातींना सरळ चाल शिकवलेली, कुठे चुकू नका म्हणून दटावलेलं. आणि बाबा तिकडे तुमच्या तोंडून उभे. नादकाटा हातात घेतला तेव्हा काय करावं कळेचना. गाणं होऊन गेलं होतं. त्यांच्यासकट."

मेन्नानं एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "मग पुसू?"

ट्रेव्होरनं टोपी हातात फिरवली. "तो आधी खाकरतो, तो इथेल ना?"

"हो."

"आणि 'चला तर' म्हणतो, तोही?"

"हो."

"खांबामागे बसायचा. कोट असा फुगलेला. आम्हाला वाटायचं, ह्यानं कोंबडी चोरून आणलीय." तो पुन्हा हसला, पुन्हा धाप लागली. "नाही पुसायचं. माझा बाप आणि तुझा नवरा एकाच फितीवर आहेत. आता कोण कुणाला बाहेर काढणार? पण अट आहे."

"अट मी सांगते," एलिनेद म्हणाली. "भाजी सोलताना लावायचं नाही. ते काय बाजारगाणं आहे?"

"का नाही? बाबा भाजी सोलतानाच गायचे."

"मग अट काय तुमची?"

"नवीन वर्षाच्या पहिल्या रविवारी डोंगरापलीकडच्या चर्चमध्ये प्लगाइन आहे. धाकटी नात लिव्हरपूलला कामावर परत गेली. मधला आवाज नाही माझ्याकडे." तो मेन्नाकडे बघत नव्हता, टोपीकडे बघत होता. "हावोदच्या मंडळीत उभी राहा. माझ्याच्यानं पुन्हा होईल न होईल. पण चौथं कडवं नीट शिकायचं. सरळ."

दुसऱ्या घरच्या मंडळीत उभं राहणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. मेन्ना रात्रभर देवाला विचारत राहिली नाही. तिनं तिथंच "येते" म्हटलं आणि मग चुलीत लाकूड घालायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

त्यानंतर रोज दुपारी ती हावोदला जायची. चौथं कडवं तिच्या गळ्यात वाकडंच बसलेलं. थोरली नात वैतागायची, "मेन्नाकाकू, वर! वर जायचं तिथं!" मेन्ना घरी येऊन पेटीकडे बघायची आणि चालू करायची नाही, लावली तर पुन्हा वाकडं होईल. शनिवारपर्यंत एकदाचं सरळ झालं.

डोंगरापलीकडचं चर्च लहान. गेथिन आणि सिरिओल मागच्या बाकावर. दुसऱ्या फेरीत हावोद उठलं. ट्रेव्होरनं नादकाटा आपटला, कानाशी नेला. सगळीकडे शांतता. मग तो खाकरला, छातीतली खडखड मोकळी करायला, आणि त्यांनी सुरुवात केली.

त्याचा वरचा आवाज आता खर्जात उतरला होता, पण होता. एक कडवं, दोन, तीन. चौथ्याला मेन्नानं श्वास भरून ठेवला, वर चढायला. आणि ट्रेव्होर चढला नाही. त्यानं परत पहिल्याच ओळीची चाल धरली, बापासारखी. मेन्नाचा गळा विचार न करता त्याच्यामागे गेला. तिला वेगळं काही माहीतच नसल्यासारखा. एकटी नात वर गेली, तिथं कुणी नाही असं बघून डोळे वटारत खाली आली. चर्चमधल्या लोकांना वाटलं असेल, चाल अशीच आहे.

ते बाकावर परत येताच तिथं बसलेली एलिनेद दातांतून म्हणाली, "चौथं कडवं!"

"बरोबर म्हटलं," ट्रेव्होर म्हणाला, आणि धाप लागलेली असूनही तो सुखात दिसत होता.

नंतर त्यांच्या सभागृहात चहा होता. किटली तिथल्या बायकांची होती, पण एलिनेदनं ती हातातून काढून घेतली आणि मेन्नाचा कप भरला. इतका, की चहा बशीत सांडला.

"उद्या येते मी तुझ्याकडे," ती म्हणाली. "ते घराचं बटण मला दाखव. आणि वरच्या खोलीतला आवाज जरा कमी ठेव गं. इद्वालबाबांना जिना चढवत नव्हता."